सुट्या उंचींवरून नितळ प्रवणता-क्षेत्राचे अनुमान : नागपूरच्या सपाट भूमीच्या संदर्भात

सारांश : भूपृष्ठाच्या उंचीची माहिती संगणकाला सुट्या बिंदूंवरील संख्यांच्या रूपाने मिळते. छायांकित नकाशा काढणे, पाण्याच्या वहनाची दिशा ठरवणे यांसारख्या कामांसाठी मात्र उंचीऐवजी उंचीची प्रवणता लागते. प्रवणता त्या संख्यांत प्रत्यक्ष नसते, तिचे अनुमान करावे लागते. हे अनुमान कसे केले जाते, त्यात कोणत्या त्रुटी शिरतात आणि नितळपणासाठी कोणती किंमत मोजावी लागते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात नागपूर परिसराच्या उदाहरणाने केले आहे.

बीजसंज्ञा : प्रवणता, सदिश क्षेत्र, अंकीय उंची प्रतिमान, छायांकन, न्यूनतम वर्ग पद्धती.

प्रस्तावना

नागपूरच्या झिरो माइल येथील ‘जी.टी.एस.’ प्रमाणशिलेची उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, म्हणजे जवळजवळ ३११ मीटर, अशी दिली जाते. ‘जी.टी.एस.’ ही ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हेची आद्याक्षरे होत. या सर्वेक्षणाचा पाया घालणारे विल्यम लॅम्बटन हे १८२३ मध्ये हिंगणघाट येथे निवर्तले, हे विदर्भातील अनेक वाचकांस ठाऊक असेल. फुटाच्या सहस्रांशापर्यंत दिलेली ही संख्या एका साध्या प्रश्नापुढे मात्र निरुत्तर होते. त्या शिलेपाशी पडलेले पावसाचे पाणी कोणत्या दिशेने वाहील?

या प्रश्नाचे उत्तर एका बिंदूच्या उंचीत नाही, ते शेजारच्या बिंदूंशी असलेल्या फरकात आहे. उंची हे अदिश क्षेत्र आहे, कारण प्रत्येक ठिकाणी तिची एकच संख्या असते. प्रवणता हे सदिश क्षेत्र आहे. प्रत्येक ठिकाणी ती एक दिशा आणि एक परिमाण सांगते. दिशा सर्वांत तीव्र चढाची, आणि परिमाण त्या चढाच्या तीव्रतेचे. पाणी नेमके तिच्या उलट दिशेने जाते. गणितात प्रवणता म्हणजे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण दिशांतील दोन आंशिक विकलजांची जोडी. विकलजाची व्याख्या करताना दोन बिंदूंमधील अंतर शून्याकडे नेले जाते. संगणकातील सुट्या बिंदूंमधील अंतर शून्याकडे नेता येत नाही. सर्व अडचणींचे मूळ येथे आहे.

उंचीची जाळी

फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची मोजली. ही मोहीम ‘एसआरटीएम’ या नावाने ओळखली जाते. भारताने ५ मे २००५ रोजी कार्टोसॅट-१ हा उपग्रह सोडला. त्याच्या दोन कॅमेऱ्यांनी एकच भूभाग दोन कोनांतून टिपला आणि त्या जोडचित्रांवरून देशाचे उंची प्रतिमान तयार झाले. ही दोन्ही प्रतिमाने एक विकला अंतरावरील बिंदूंच्या जाळीत उपलब्ध आहेत. सुदूर संवेदन आणि मृदा सर्वेक्षण या विषयांतील महत्त्वाच्या संस्था नागपुरात असल्याने येथील प्राध्यापकांना व संशोधक विद्यार्थ्यांना अशा जाळ्यांची ओळख करून देण्याची फारशी गरज नाही. मात्र या जाळीतील दोन गोष्टींकडे सहसा दुर्लक्ष होते.

पहिली गोष्ट अशी की ही जाळी चौरस नाही. एक विकला म्हणजे सुमारे ३० मीटर असे सर्रास लिहिले जाते. नागपूरच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे २१ अंश ९ कला उत्तरेस, एक विकला उत्तर-दक्षिण दिशेत ३०.७५ मीटर भरते, तर पूर्व-पश्चिम दिशेत केवळ २८.८५ मीटर. दोन्ही दिशांना एकच अंतर धरून प्रवणता काढल्यास ईशान्येकडील उताराची दिशा जवळजवळ दोन अंशांनी चुकते. ही चूक लहान असली तरी ती सर्वत्र एकाच बाजूला होते, त्यामुळे सरासरी घेऊनही ती जात नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. एसआरटीएमच्या उंची पूर्ण मीटरमध्ये दिलेल्या आहेत. ३१०, ३११, ३१२ अशा संख्यांमध्ये अपूर्णांकाला जागा नाही. हिमालयात याने काही बिघडत नाही. नागपूरसारख्या सपाट प्रदेशात मात्र या पूर्णांकीकरणातच जमिनीचा सगळा उतार हरवू शकतो.

मध्यवर्ती फरक आणि पायऱ्या

प्रवणता काढण्याची सर्वांत सरळ रीत म्हणजे मध्यवर्ती फरक. पूर्वेकडील शेजाऱ्याच्या उंचीतून पश्चिमेकडील शेजाऱ्याची उंची वजा करावी आणि आलेल्या संख्येस त्या दोहोंमधील अंतराने भागावे. नागपूरच्या जाळीत हे अंतर ५७.७ मीटर आहे. उंची पूर्ण मीटरमध्ये असल्याने फरक शून्य, एक, दोन असाच येणार. म्हणजे शून्यानंतर संभवणारा सर्वांत लहान उतार १.७३ टक्के. त्याहून मंद उतार या रीतीला दिसूच शकत नाही.

शंभर मीटरला अर्धा मीटर, म्हणजे अर्धा टक्का उतार असलेले एक मैदान कल्पावे. त्यावर लागोपाठच्या दोन बिंदूंच्या उंचीत केवळ १४ सेंटिमीटरचा फरक पडतो. पूर्णांकात मांडलेली उंची त्यामुळे साधारणपणे सात बिंदूंनी एकदा बदलते. मध्यवर्ती फरकाने पाहिल्यास सातांपैकी पाच बिंदूंवर जमीन पूर्ण सपाट आणि उरलेल्या दोन बिंदूंवर उतार १.७३ टक्के दिसतो. सातांची सरासरी घेतली तर उत्तर जवळजवळ बरोबर येते, पण एकाही बिंदूवरचे उत्तर बरोबर नसते. प्रत्यक्षातील मैदानाच्या जागी संगणकात घाटासारख्या पायऱ्या उभ्या राहतात.

छायांकित नकाशात या पायऱ्या डोळ्याला लगेच खटकतात. छायांकनात प्रत्येक बिंदूची उजळता त्या ठिकाणचा लंब आणि प्रकाशाची दिशा यांच्यातील कोनावरून ठरते आणि लंब प्रवणतेवरून ठरतो. प्रकाश ४५ अंशांवरून येतो असे धरल्यास त्याच्या दिशेने १.७३ टक्के झुकलेली जमीन सपाट जमिनीपेक्षा सुमारे पावणेदोन टक्के अधिक उजळ दिसते. उजळतेतील सुमारे एक टक्क्याचा फरक मानवी डोळा ओळखू शकतो. सपाट प्रदेश दाखवताना उंची पाच-दहा पटींनी वाढवून घेण्याची पद्धत असल्याने पायऱ्या आणखीच ठळक होतात. (प्रकाश वायव्येकडून येतो असे मानण्याचा नकाशाकारांचा संकेत आहे. नागपुरात भर दुपारीही सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो तो फक्त मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत. तरीही हा संकेत टिकून आहे, कारण दिवा खालच्या बाजूस ठेवला की टेकडीचा खड्डा भासतो.)

हॉर्न यांचे भारित सूत्र

बर्टहोल्ड हॉर्न यांनी १९८१ मध्ये छायांकनाविषयीच्या आपल्या लेखात जे सूत्र वापरले, ते आज भूमाहितीच्या बहुतेक प्रणालींत रूढ आहे. त्यात मध्यबिंदूच्या भोवतालचे आठही शेजारी विचारात घेतले जातात. पूर्वेकडील तीन उंचींना एक, दोन, एक असे भार देऊन त्यांची बेरीज केली जाते, पश्चिमेकडील तिघांचीही तशीच, आणि दोन्ही बेरजांच्या वजाबाकीला बिंदूंमधील अंतराच्या आठपटीने भागले जाते. उत्तर-दक्षिण दिशेतही हीच कृती होते. हे सूत्र दोन कामे एकदम करते. उताराच्या आडव्या दिशेत ते सरासरी घेते आणि उताराच्या दिशेत फरक काढते. आधी उंची नितळ करून मग फरक काढला, किंवा आधी फरक काढून मग तो नितळ केला, तरी अशा एकघाती कृतींत उत्तर तेच येते.

या सूत्राने दिसू शकणारा सर्वांत लहान उतार १.७३ वरून ०.४३ टक्क्यापर्यंत खाली येतो. ही सुधारणा चौपट वाटते, पण ती सशर्त आहे. वर कल्पिलेले मैदान नेमके पूर्वेकडे उतरत असेल, तर तिन्ही ओळींतील पायरी एकाच जागी येते आणि भारित सरासरीला हाती काहीच लागत नाही. उत्तर पूर्वीइतकेच ओबडधोबड राहते. शेजारच्या ओळींतील पायऱ्या एकमेकींच्या पुढेमागे असतील तेव्हाच हे सूत्र कामी येते. मोजणीत थोडी यादृच्छिक त्रुटी असेल तर त्या आपोआप पुढेमागे होतात. म्हणजे पूर्णांकीकरणाने आलेला दोष थोड्या गोंधळाने सौम्य होतो. प्रथमदर्शनी हे विपरीत वाटेल, परंतु ध्वनी व चित्र यांच्या अंकीकरणात हा गुण जाणीवपूर्वक वापरला जातो.

याच्या उलट टोकाचे उदाहरण झेव्हनबर्गन व थॉर्न यांच्या १९८७ च्या पद्धतीचे. त्यांनी नऊही बिंदूंतून तंतोतंत जाणारे बहुपदी पृष्ठ घेतले. त्या पृष्ठाचा मध्यबिंदूवरील उतार काढला असता तो साध्या मध्यवर्ती फरकाइतकाच निघतो! कोपऱ्यांतील चार बिंदूंचा उताराशी काही संबंध उरत नाही. पृष्ठ प्रत्येक बिंदूतून जाते म्हणून त्याचा उतार अधिक विश्वसनीय, असा समज या उदाहरणाने दूर व्हावा.

चौकटीचा आकार

तीन गुणिले तीन बिंदूंची चौकट पुरत नसेल तर ती मोठी करणे हा स्वाभाविक उपाय होय. मोठ्या चौकटीतील सर्व बिंदूंना न्यूनतम वर्ग पद्धतीने एक झुकते प्रतल बसवावे आणि त्या प्रतलाचा उतार हाच मध्यबिंदूचा उतार मानावा. या रीतीत त्रुटी किती उरते, ते आकडेमोडीने पाहता येते. प्रत्येक उंचीतील यादृच्छिक त्रुटीचे प्रमाण विचलन दोन मीटर धरू आणि शेजारच्या बिंदूंवरील त्रुटी परस्परांपासून स्वतंत्र मानू. मध्यवर्ती फरकाने काढलेल्या उतारात तेव्हा जवळजवळ ५ टक्के त्रुटी येते, हॉर्न यांच्या सूत्राने ३ टक्के. खरा उतार अर्धा टक्का असताना ही उत्तरे निरर्थक ठरतात. नऊ गुणिले नऊ बिंदूंच्या, म्हणजे सुमारे २६० मीटरच्या चौकटीत त्रुटी ०.३ टक्क्यावर येते. तेरा बिंदूंच्या चौकटीत ०.१४ वर आणि एकवीस बिंदूंच्या, म्हणजे सुमारे ६०० मीटरच्या चौकटीत ०.०५ टक्क्यावर. चौकटीची बाजू दुप्पट केली की त्रुटी साधारण चौथ्या हिश्शावर येते.

हा लाभ मोठा आहे, पण त्याची किंमतही तितकीच आहे. चौकटीच्या आत जमीन प्रतलासारखी आहे हे गृहीतक चौकट वाढवावी तसे खोटे पडत जाते. जमिनीच्या वळणांमुळे येणारी चूक बाजूच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सीताबर्डीची छोटी टेकडी ६०० मीटरच्या चौकटीत अर्धीअधिक विरघळून जाते, आणि तीस-चाळीस मीटर रुंदीच्या नाल्याचा तर मागमूसही राहत नाही. एक त्रुटी वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, दुसरी वर्गाच्या सम प्रमाणात वाढते. या दोहोंची बेरीज जेथे किमान होते ती बाजू दोन्ही त्रुटींच्या गुणोत्तराच्या चौथ्या मुळाइतकी निघते. याचा अर्थ असा की मोजणी सोळापट अचूक झाली तरी, बिंदूंमधील अंतर तेच असल्यास, योग्य चौकट केवळ निम्म्याने लहान होते. नवा उपग्रह सोडला की जुनी अडचण संपते, ही अपेक्षा म्हणूनच फोल ठरते.

पृष्ठ आणि लंब

संगणकीय चित्रणात हाच प्रश्न वेगळ्या वेषात येतो. त्रिकोणांनी घडवलेल्या पृष्ठावर प्रत्येक त्रिकोणाचा लंब वेगळा असतो, त्यामुळे पृष्ठ पैलू पाडल्यासारखे दिसते. ऑन्री गूरो यांनी १९७१ मध्ये शिरोबिंदूवर मिळणाऱ्या सर्व त्रिकोणांच्या लंबांची सरासरी घेऊन उजळता काढली आणि ती आतल्या भागात अंतर्वेशनाने पसरवली. १९७५ मध्ये बुई तुआंग फाँग यांनी उजळतेऐवजी लंबाचेच अंतर्वेशन केले. चित्र एकदम नितळ झाले. मात्र फाँग यांच्या पद्धतीने काढलेल्या गोलाची कडा पाहिली तर ती बहुभुजाकृतीच राहते, कारण लंब बदलले असले तरी पृष्ठ तेच आहे. ते लंब कोणत्याही प्रत्यक्ष पृष्ठाचे नसतात.

उंचीचे अंतर्वेशन केले म्हणजे प्रवणताही नितळ मिळेल, ही आणखी एक सर्वसाधारण समजूत. चार बिंदूंमध्ये द्विरेषीय अंतर्वेशन केल्यास पृष्ठ सलग असते, पण जाळीची प्रत्येक रेषा ओलांडताना उतार एकदम बदलतो. डोळा उजळतेतील अशा बदलांना फार संवेदनशील असतो. एर्न्स्ट माख यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिलेले उजळ व काळे पट्टे या रेषांवर उमटतात. घन बहुपदींचे अंतर्वेशन घेतले तर उतारही सलग होतो आणि पट्टे जातात. तथापि ते पृष्ठ पूर्णांकीकृत उंचींतूनच जात असल्याने पायऱ्यांच्या जागी लाटा येतात. चित्र नितळ होते, परंतु सत्याच्या जवळ गेलेले नसते.

बंद परिक्रमा

प्रवणता-क्षेत्रावर एक बंधन असते, ते नितळ करण्याच्या भरात विसरले जाते. कोणत्याही बंद मार्गाने फिरून मूळ जागी परत आल्यावर वाटेतील चढ-उतारांची बेरीज शून्यच आली पाहिजे. पातळीमापन करणाऱ्या सर्वेक्षकाला हे पक्के ठाऊक असते. परिक्रमा संपल्यावर उरलेला फरक तो नोंदवतो आणि तो मधल्या बिंदूंवर वाटून देतो. प्रवणतेचे दोन्ही घटक एकाच भारित सरासरीने सर्वत्र सारखे नितळ केले तर हे बंधन टिकते. परंतु सपाट भागात मोठी आणि टेकडीपाशी लहान चौकट घेतली, मध्यगा निवडली, किंवा लंबांची लांबी एकसारखी करून मग सरासरी काढली, की ते मोडते. मग ते सदिश क्षेत्र कोणत्याही भूपृष्ठाचे राहत नाही. बिंदूगणिक ते पटण्याजोगे दिसते, पण त्यावरून उंची परत काढू गेल्यास मार्गागणिक वेगळी उंची येते.

यावर फ्रँकॉट व चेल्लप्पा यांनी १९८८ मध्ये सुचवलेला उपाय सर्वेक्षकाच्याच जातीचा आहे. दिलेल्या क्षेत्राच्या सर्वांत निकट असे, बंधन पाळणारे क्षेत्र शोधायचे. या शोधाचे गणित प्वासाँच्या समीकरणापाशी पोहोचते. तेच समीकरण पुढे २००३ मध्ये एका छायाचित्राचा तुकडा दुसऱ्यात बेमालूम बसवण्यासाठी वापरले गेले.

नाग नदीच्या काठी

२२ आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या दरम्यानच्या रात्री नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि जीवितहानीही झाली. अशा घटनेनंतर मोफत मिळणाऱ्या उंची प्रतिमानांवरून पाण्याच्या मार्गाचे रंगीत नकाशे काढण्याकडे कल असणे स्वाभाविक आहे. त्या नकाशांवर किती विसंबावे, हे वरील आकडेमोडीवरून ठरवता येते.

वहनाची दिशा ठरवण्याची सर्वांत प्रचलित रीत, ओकॅलहन व मार्क यांची १९८४ मधील, पाण्याला आठांपैकी एकाच दिशेने पाठवते. खरी दिशा ओळखायची तर प्रवणतेतील कोनाची चूक साडेबावीस अंशांच्या आत असायला हवी. उतार अर्धा टक्का आणि उंचीतील त्रुटी दोन मीटर असता नऊ बिंदूंच्या चौकटीत कोनाची चूक सुमारे ३१ अंश येते. तेरा बिंदूंच्या चौकटीत ती १६ अंशांवर येते, म्हणजे मर्यादेत. परंतु तेरा बिंदू म्हणजे पावणेचारशे मीटर. तेवढ्या अंतरात शहराच्या कित्येक गल्ल्या आणि एखादा नाला सहज सामावतो. या प्रतिमानांवरून पाणी एकूण कोणत्या पेठेकडे उतरेल हे सांगता येते, ते कोणत्या गल्लीत शिरेल हे नव्हे. शिवाय रडारचे प्रतिध्वनी घरांच्या छपरांवरून आणि झाडांच्या शेंड्यांवरूनही परततात. दाट वस्तीत मोजली गेलेली उंची जमिनीचीच असते असे नाही. शेजारच्या बिंदूंवरील त्रुटी एकमेकींशी निगडित असल्याने स्वतंत्र त्रुटींच्या गृहीतकावर काढलेले वरचे आकडे आशावादीच मानावे लागतील. नकाशाखाली प्रमाणपट्टी छापतात तशीच प्रवणतेसाठी वापरलेल्या चौकटीची बाजू आणि धरलेली त्रुटी छापली, तर पाहणाऱ्याला हे सारे एका ओळीत कळेल. महाविद्यालयीन प्रकल्पांत तरी हे सहज शक्य आहे.

तलावाच्या बांधापाशी आणखी एक अडचण उद्भवते. एका बाजूस पाण्याचे सपाट पृष्ठ, मध्ये बांधाचा माथा, पलीकडे खालची जमीन अशी तेथील रचना असते. चौकट या तिन्हींवर पसरली की तलावाला खोटा उतार मिळतो आणि बांध पुसला जातो. पेरोना व मलिक यांची १९९० मधील पद्धत तीव्र बदलाच्या आडव्या दिशेत नितळपणा थांबवते, त्यामुळे अशा कडा टिकून राहतात. परंतु तीस मीटरच्या जाळीत बांधाचा माथा एखाद्या बिंदूचाच असतो, आणि तो त्रुटीहून वेगळा ओळखण्याइतकी माहिती त्या पद्धतीलाही मिळत नाही. तेथे सर्वेक्षण विभागाच्या स्थलाकृतिक नकाशावरून बांधाची रेषा हाताने आखून घेतात आणि कोणत्याही चौकटीला ती ओलांडू देत नाहीत. दोन्ही बाजूंचे प्रतल वेगवेगळे बसवले जाते.